पट्ट्याचं शेवटचं भोक

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, व्हीएमसी मशीनवर (धातू कापायचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) काम करून मला बावीस वर्षं झाली. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी काढतो. वीस मायक्रॉन इकडचे तिकडे झाले की पीस रिजेक्ट. असल्या कामात हयात गेली, पण स्वतःची कंबर किती हे ४३ वर्षांचा होईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. पँट घेताना मी ३८ म्हणायचो, दुकानदार गप्प ४० काढून द्यायचा. पट्ट्याला शेवटचं भोक मी स्वतःच कंपनीत ड्रिलनं पाडून घेतलेलं. आई म्हणायची, पोट सुटलंय म्हणजे खाऊनपिऊन सुखात आहे पोरगं.

११ फेब्रुवारी २०२५ ला, मंगळवारी, कंपनीत आरोग्य तपासणी होती. माझी तिसरी पाळी संपलेली, म्हणजे रात्री बारा ते सकाळी सात. डोळे तारवटलेले. टूलरूमशेजारी टेबलं मांडलेली. सिस्टरनं शर्ट वर करायला सांगितला, शेवटची बरगडी चाचपली, कमरेचं हाड चाचपलं आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनानं खूण केली. मला वाटत होतं बेंबीवरून मोजतात. "पोट आत ओढू नका, श्वास सोडा," म्हणाली. १०४ सेंटिमीटर. मागं उभा असलेला आमचा फिटर म्हणाला, "वाशर कुठला घालूलास गा ह्याला?" सगळे हसले, मीही हसलो. भारतीय पुरुषांना ९० आणि बायकांना ८० ही हद्द धरतात, हे सिस्टरनं सांगितलं तेव्हा हसू थोडं कमी झालं.

उंची १६८, वजन ८४, बीपी १३८/८८. बोट टोचून साखर पाहिली ती १६४ आली. पण पहाटे पाचला मी चहा आणि बन खाल्लेला, त्यामुळं त्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही असं तिथल्या डॉक्टरनी सांगितलं. तुमच्याकडं तपासणी असेल आणि तुम्ही रात्रपाळीवरून येणार असाल तर हे आधीच विचारून ठेवा. उपाशीपोटी म्हणजे आठ-दहा तास पाण्याशिवाय काही नाही. रात्रभर जागून, चहा पिऊन दिलेलं रक्त फुकट जातं.

आता जायचं कुठं? पगार २१ हजारांच्या वर गेला आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सुटलं. त्या वेळी पगारवाढीचे पेढे वाटलेले. कंपनी वर्षाला पाच हजारांपर्यंत वैद्यकीय बिल देते, पण शिक्का, सही, मूळ पावती सगळं लागतं. ह्या पाच हजारांची गोष्ट शेवटी येईलच.

२४ फेब्रुवारीला अर्धी रजा टाकून एका सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं बीपी-शुगरवाल्यांसाठी वेगळी खोली असते, एनसीडी म्हणतात. ८:४० ला पोचलो, टोकन ६७. फॉर्म कन्नडमध्ये. मला कन्नड वाचता येतं, पण लहान पोरासारखं अक्षर अक्षर लावून. शेजारच्या आजोबांचा फॉर्म मी भरला आणि माझ्या फॉर्मातला अडलेला रकाना त्यांनी सांगितला. हिशेब चुकता. सव्वाबाराला नंबर लागला. डॉक्टर तरुण, बोलायला बरे. म्हणाले, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी) आणि लिव्हरच्या टेस्ट करा, पोटाची सोनोग्राफीही करा. त्यांच्या लॅबमध्ये लिपिडचं केमिकल संपलेलं, म्हणून सगळंच बाहेर केलं. रक्ताचे १,३५० आणि सोनोग्राफीचे ९००.

तीन दिवसांनी रिपोर्ट घेऊन परत त्याच रांगेत. उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) २२८, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ३६, लिव्हरवर चरबी. डॉक्टरनी कागदाच्या कोपऱ्यात पाच गोष्टी लिहिल्या: कंबर, बीपी, साखर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल. त्यातल्या तीन बिघडल्या तरी मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, असं सांगत एकेकीवर टिक करत गेले. माझ्या पाचही टिका झाल्या. शाळेत कधी पाचपैकी पाच मिळाले नव्हते. पोटाच्या आत अवयवांभोवती साठलेली चरबी कातडीखालच्या चरबीपेक्षा जास्त वाईट, ती लिव्हरला आणि साखरेला त्रास देते, हे त्यांनी दोन मिनिटांत समजावलं. गोळी लगेच नको, तीन महिने खाण्याचं बघू, म्हणाले.

आणि एक छापील डाएटचा कागद दिला. घरी येऊन मी आणि बायकोनं तो लावून लावून वाचला. सकाळी रागी मुद्दे, दुपारी रागी मुद्दे, सोप्पिन सारु. म्हणजे नाचणीचा उंडा आणि पालेभाजीचं सार. दक्षिणेकडचं जेवण. आमच्या वडगावातल्या गल्लीतल्या कन्नड घरांतसुद्धा ज्वारीची भाकरी भाजतात, मुद्दे कोण करतंय? बायको म्हणाली, "हे मंड्याच्या माणसाला लिहिलंय, वडगावच्या नव्हे." कागद फ्रिजवर चिकटवला. आठ दिवसांनी त्यावर दूधवाल्याचा हिशेब लिहिलेला होता.

मग एका ओळखीच्या कंपाउंडरनं सांगितलं, ट्रस्टच्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ बसतात, पहिल्या वेळी ४००, नंतर २००. १० मार्चला गेलो. रिपोर्टची फाइल नेली, ते बरं झालं, नाहीतर पुन्हा टेस्ट लिहून मिळतात.

मॅडम बैलहोंगलकडच्या. मराठी छान, पण कन्नड हेलातलं, वाक्याच्या शेवटी 'री'. मला वाटलं होतं भात बंद, बटाटा बंद, साखर बंद अशी यादी मिळणार. त्यांनी फक्त विचारलं, "काल उठल्यापासून काय काय तोंडात गेलं, सांगा री." मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. सव्वासहाला चहा आणि चार खारी. साडेनऊला गेटबाहेरच्या गाड्यावर उप्पीट आणि चहा. साडेअकराला चहा. एकला डबा: तीन चपात्या, बटाट्याची भाजी, आमटी आणि भात. अडीचला चहा. घरी आल्यावर चहा आणि भडंग. सातला कोपऱ्यावर मित्रांबरोबर मिरची भजी, परत चहा. साडेनऊला दोन भाकरी, आमटी-भात, पापड. झोपायच्या आधी आई घेते म्हणून तिच्याबरोबर अर्धा कप.

"गोड किती खाता?"

"मला गोडाची आवड नाही, मॅडम. पाहुणे आले तर कुंदा, तेवढाच."

त्यांनी पेनानं चहा मोजले. सात. "एका चहात दोन चमचे धरू. चमचा पाच ग्रॅमचा. किती झाले?" सत्तर ग्रॅम. माणसानं दिवसात साखर साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवावी म्हणतात. परत येताना बसमध्ये मी बसल्या बसल्या गुणाकार केला. महिन्याला दोन किलो साखर, मी एकटा. आणि मला गोडाची आवड नाही!

त्या दिवशी काहीच बदलायचं नाही, फक्त तीन दिवस लिहून आणायचं, असं सांगितलं. दोन कामाचे दिवस, एक सुट्टीचा. लिहायचं ते खाल्ल्या खाल्ल्या, रात्री आठवून नव्हे. मी जुन्या जॉबकार्डांच्या पाठीवर लिहिलं. आणि घरी वाटीत भात दाबून न भरता तो वजनकाट्यावर ठेवून बघायला सांगितलं. आमच्या वाण्याच्या काट्यावर मी शिजलेला भात नेला, त्यानं माझ्याकडं कसं बघितलं ते सांगत नाही. मी ज्याला 'थोडासा भात' म्हणत होतो तो साडेतीन वाट्या भरला.

२४ मार्चला दुसरी भेट. जॉबकार्डं बघून मॅडमनी तीनच गोष्टी दिल्या. चहात आधी एक चमचा, दोन आठवड्यांनी अर्धा. दुपारी भात एक वाटी, पण त्याआधी भाजी आणि उसळ पोटात गेली पाहिजे. तिसरं, घरातलं तेल मोजायचं. "चौथं काही करू नका. उत्साह आला तरी करू नका री."

तेलाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण खरा बदल तिथंच झाला. आम्ही घरात चार माणसं. महिन्याला पाच लिटरचा कॅन लागायचा. पाच लिटर म्हणजे साडेचार किलोच्या आसपास. चौघांत तीस दिवस वाटलं की माणशी रोज ३८ ग्रॅम. मॅडमच्या हिशेबानं २५ पुरेत. मी कंपनीतून मार्कर आणला, कॅन उजेडात धरला आणि दर रविवारी तेल जिथं असेल तिथं रेघ मारून तारीख टाकायला लागलो. बायकोला हे मुळीच आवडलं नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं: पोट माझं आणि रेघा तिच्या कॅनवर. "कमी तेलातली भाजी तुम्ही करून दाखवा," म्हणाली. एका रविवारी मी मेथी केली. तळाला लागली, वर कच्ची. पोरानं ताटाकडं बघून लोणचं मागितलं.

पुढच्या भेटीला तिलाच घेऊन गेलो. हे पहिल्याच भेटीत करायला हवं होतं. जे कुणी जाणार असाल त्यांनी घरात जो स्वयंपाक करतो त्याला सोबत न्या, पुरुष असो की बाई. मॅडम आणि ती पाऊण तास बोलल्या, मी स्टुलावर. फोडणीला तेल कॅनमधून ओतायचं नाही, चमच्यानं मोजून घालायचं. भाजीवर झाकण ठेवून वर पाणी, वाफेवर शिजवायची. भजी-पापड आठवड्यातून एकदा, पण तळणीचं तेल परत परत वापरायचं नाही. हुलग्याची आणि मटकीची उसळ, अगशीची म्हणजे जवसाची चटणी, ताक हे सगळं आमच्या घरात होतंच. ताटातली त्याची जागा मात्र कोपऱ्यात होती, ती मोठी केली. जूनमध्ये संपलेला कॅन ४४ दिवस पुरला. माणशी २६ ग्रॅम. त्या कॅनवरच्या रेघा बायकोनं स्वतः मारलेल्या.

भाकरीबद्दल माझा एक गैरसमज होता. ज्वारीची म्हणजे चालते, म्हणून मी दोनाच्या चार केलेल्या. मॅडम म्हणाल्या, "ज्वारी चांगलीच. पण चार भाकरींचं पीठ एकत्र मोजा, मग सांगा." भूक नसताना 'पौष्टिक आहे' म्हणून खाल्लेलं पण पोटावरच बसतं. दोनवर आलो.

साखर कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात डोकं दुखायचं. अकराच्या सुमाराला भुकेनं हात थरथरल्यासारखे व्हायचे. एकदा मशीनमध्ये ऑफसेट (टूलच्या मापाचा आकडा) चुकीचा टाकून पीस घालवला, सुपरवायझरची बोलणी खाल्ली. साखरेमुळं की माझ्या चिडचिडीमुळं, देव जाणे. मॅडमनी अकराला मूठभर भाजलेले चणे किंवा एक पेरू खिशात ठेवायला सांगितला. चण्यांनी काम झालं. पेरूला कटिंग ऑइलचा वास लागतो.

२१ एप्रिलची भेट पूर्ण रात्रपाळीवर गेली. आमची पाळी दर आठवड्याला फिरते. तिसऱ्या पाळीत मी दीडला भाताचा डबा, तीनला आणि पाचला चहा-बन, आणि साडेसातला घरी येऊन परत नाष्टा करून झोपायचो. म्हणजे त्या आठवड्यात दिवसाची चार जेवणं. आता साडेनऊला घरात सगळ्यांबरोबर पूर्ण जेवण, रात्री दोनला दोन उकडलेली अंडी किंवा मोड आलेली मटकी आणि ताक, तीननंतर फक्त पाणी. घरी येऊन थोडं खाऊन झोप. पहिल्या दोन रात्री पावणेपाचला पोटात कावळे ओरडत होते. तिसऱ्या रात्रीपासून नाही. छातीत जळजळायचं ते आठवड्याभरात थांबलं, आणि हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी पोटासाठी नाही तरी जळजळीसाठी केलं असतं.

मे महिन्यात खानापूर तालुक्यात भाच्याचं लग्न. मॅडमनी आधीच ताकीद दिलेली: "तुम्ही मराठी लोक नको नको म्हणता आणि ताट पुढं करता. सरळ 'साकु' म्हणा, आणि ताटावर हात." साकु म्हणजे पुरे. पंगतीत वाढायला मामाच. पहिली जिलेबी खाल्ली, मसालेभात एक वाढप घेतला. मामा परत आले, झारा ताटावर. मी हात आडवा धरून म्हटलं, "साकु, मामा." मामांचा झारा तिथंच हवेत थांबला. "काय झालंय ह्याला? कानडी बोलालंय!" अख्खी पंगत हसली. पण जिलेबी पुढच्या ताटात गेली. तेव्हापासून घरात पोरगंसुद्धा मला साकु म्हणतं.

जूनच्या शेवटी वजन ८०, कंबर ९९. टेप मी स्वतःचा घेतला, शिंप्याचा, वीस रुपयांचा. दर रविवारी सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, त्याच खुणेवर तीनदा मोजून सरासरी काढतो. मोजणारा एक, जागा एक, वेळ एक, नाहीतर रीडिंगवर भरवसा ठेवायचा नाही, हे मशीनवाल्याला कुणी शिकवायला लागत नाही. वजन मात्र रोज बघू नका. मी पंधरा दिवस रोज बघितलं आणि किलोभर खालीवर होण्यात दिवस नासवले.

मग आषाढ आला. ६ जुलैला आषाढी एकादशी. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, वऱ्याचे तांदूळ, तळलेले बटाट्याचे काप. एकादशी आणि दुप्पट खाशी उगाच नाही म्हणत. त्यानंतर वडगावची मंगाईची जत्रा. ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायची गरज नाही, ज्यांना नाही त्यांनी एवढंच समजावं की त्या दिवशी वडगावात कुणाच्या घरी मटण खाल्लं नाही तर तो माणूस नाराज होतो, आणि माझे पाव्हणे सात घरांत आहेत. कंबर परत १००.५. लाज वाटून जुलैची भेट मी चुकवली. फोन आला तर पाळी बदलली म्हणून सांगितलं. ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा मॅडमनी आकडा लिहिला, काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वर्षातून जत्रा किती?" एक. "मग बाकीच्या दिवसांचं बोलू." मी मनात तयार करून नेलेल्या सगळ्या सबबी तशाच राहिल्या.

गणपतीत, २७ ऑगस्टपासून, मोदक खाल्ले, पण मोजून. आणि संध्याकाळी जेवल्यावर पंधरा मिनिटं गल्लीतले गणपती बघत चालायचं, हा सगळ्यात सोपा व्यायाम निघाला. सुट्टीला व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या जागेत फिरायला जातो. राजहंसगडावर एकदाच गेलो, निम्म्यात बसून पाणी प्यायलो, तेही लिहितो.

मधल्या काळात कंपनीत माझ्यासारखे पट्ट्याच्या शेवटच्या भोकावर आलेले पुष्कळ निघाले. एचआरला विचारून १३ सप्टेंबरला, शनिवारी, पहिली पाळी सुटल्यावर मॅडमना बोलावलं. १९ जण थांबले. भाषण नव्हतंच, सगळ्यांनी आपापले चहा मोजले. एकाचे नऊ निघाले. त्यानंतर चहावाल्या अण्णाला आम्ही बिनसाखरेचा वेगळा थर्मास आणायला सांगितला. तो चार दिवस रुसला, माझा चहा वाईट आहे काय म्हणून. आता दोन थर्मास येतात, बिनसाखरेच्यावर त्यानं लाल चिकटपट्टी लावलीय, धोक्याच्या खुणेसारखी.

६ ऑक्टोबरला पुन्हा रक्त दिलं, ह्या वेळी पहिल्या पाळीच्या आठवड्यात रजा काढून, नीट उपाशीपोटी. एचबीए१सी ५.७, ट्रायग्लिसराइड १५१, एचडीएल ३९, बीपी १२८/८२. डॉक्टर म्हणाले, गोळी अजून नको, पण सहा महिन्यांनी परत या. दिवाळीत फराळ खाल्ला. २४ नोव्हेंबरला वजन ७७.६, कंबर ९५.५. ९० अजून लांब आहे. आई म्हणते तोंड उतरलं. बायकोचं मत विचारलं तर ती कॅन दाखवते.

एकूण खर्च: टेस्ट दोन वेळच्या मिळून ३,६००, मॅडमची फी आठ भेटींचे १,८००, टेप वीस. बुडालेल्या अर्ध्या रजा वेगळ्या. उप्पीट, भजी, फरसाण ह्यांत वाचले त्याचा हिशेब मी ठेवला नाही, ठेवायला हवा होता.

पट्ट्याला आता आतल्या बाजूला दोन भोकं नवीन पाडलीत, ड्रिल तोच. आणि ते पाच हजारांचं बिल? सगळ्या पावत्या लावून मी ऑक्टोबरात दिलं. मागच्या आठवड्यात परत आलं. सोनोग्राफीच्या पावतीवर शिक्का नाही. उद्या पहिली पाळी सुटली की शिक्का मारून आणायला जायचंय. चणे खिशात घेऊन जाईन, कारण त्या काउंटरवर किती वेळ लागतो ते मला आता पाठ झालंय.